खाटेवरचं ऐकू येत नाही

मंगळवार, १२ मार्च २०४१. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी सावळघाट जिल्हा कारागृहाच्या विभक्त विभागात, नऊ नंबरच्या कोठडीतला माणूस जमिनीवरून उठून उभा राहिला. त्या रात्रीतली त्याची ही एकोणिसावी वेळ.

नव्वद किलोमीटरवर, अकोल्यात, स्नेहल वाकोडेने ही नोंद सात वाजता वाचली. रात्रभर दर अर्ध्या तासाने तोच क्रम होता. दोन बूट येत, दारासमोर थांबत, लोखंडी दारावर एक दणका बसे, आतला माणूस उभा राही, बूट निघून जात. माणूस पुन्हा आडवा होई. त्याच्या हृदयाचे ठोके मंदावू लागले की बूट पुन्हा येत. सलग तिसरी रात्र. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका पेटला होता.

तिने चहा अर्धा टाकला, गाडीची किल्ली घेतली आणि कार्यालयाला कुलूप लावलं. कुठे निघालो ते कुणाला सांगायचं नव्हतं, कारण सांगायला कुणी नव्हतंच.

राज्याच्या स्वतंत्र कारागृह पाहणी मंडळाचं हे विभागीय कार्यालय म्हणजे जुन्या टपालघराच्या माडीवरच्या दोन खोल्या. टेबलाभोवती पाच खुर्च्या. तीन वर्षांपूर्वीपर्यंत पाचही भरलेल्या असत: एक निवृत्त डॉक्टर, एक वकील, एक रसायनशास्त्राच्या शिक्षिका, शिक्षा भोगून सुटलेला एक माणूस आणि परिचारिकेची नोकरी सोडून आलेली स्नेहल. कोणत्याही तुरुंगाचं दार कोणत्याही वेळी वाजवायचं, हव्या त्या कोठडीत जायचं, कैद्याशी एकट्याने बोलायचं आणि दिसलं ते लिहायचं, एवढंच त्यांचं काम. मारहाण दार बंद असताना होते. ते केव्हा उघडेल याचा भरवसा नसला की उगारलेला हात आखडतो.

मग भुई आली.

भुई म्हणजे फरशीखाली पुरलेली काचेची तार, केसाहून किंचित जाड. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा लेझरचा ठोका सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या अंगात सूक्ष्म डाग असतात, आणि प्रत्येक डागावरून चिमूटभर प्रकाश माघारी फिरतो. वर कोणी पाऊल टाकलं की तार नखाच्या लाखाव्या हिश्शाइतकी ताणली जाते आणि माघारी येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. तो किती वेळात परतला यावरून जागा कळते आणि कसा बदलला यावरून वर काय झालं ते कळतं. चालणं, पडणं, फरफटत नेणं, सगळं वेगवेगळं उमटतं. माणूस उघड्या जमिनीवर झोपला असेल तर त्याचा श्वास आणि छातीतला ठोकाही उमटतो. चेहरा दिसत नाही, बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कैद्यांच्या खासगीपणाला धक्का नाही, असं विधिमंडळात सांगितलं गेलं आणि ते खरंही होतं. आपल्याकडे कैदी सतरंजी टाकून जमिनीवर झोपतात. यंत्र जमलं ते त्याच्यामुळे.

त्या बदल्यात सरकारने कायदा बदलला. भुईने लाल ठिपका दाखवला तर मंडळाने तडक जावं. त्यानंतर दहा दिवसांत एक फेरभेट. एरवी पंधरा दिवसांची आगाऊ सूचना. आणि प्रत्येक विभागात पाचांऐवजी एकच सदस्य.

स्नेहलने समितीसमोर भुईच्या बाजूने साक्ष दिली होती. "पाच माणसं सात तुरुंगांत महिन्यातून किती वेळा जाणार? भुई तिथे दिवसरात्र असेल," असं ती म्हणाली होती. तिचं चुकलं होतं असंही नाही. पहिल्याच वर्षी मारहाणीच्या नोंदी एकतृतीयांशावर आल्या. पण मंगलाताई बोंद्रे, म्हणजे त्या रसायनशास्त्राच्या शिक्षिका, शेवटच्या दिवशी खुर्ची टेबलाखाली सरकवताना एवढंच म्हणाल्या होत्या, "खबर पोचणं वेगळं आणि माणूस पोचणं वेगळं, स्नेहल." तेव्हापासून दोघींचं बोलणं नव्हतं.

प्रशिक्षणाच्या वेळी स्नेहलच्या फ्लॅटमध्येही चाळीस मीटर तार बसवली होती, सरावासाठी. ती काढून न्या म्हणून तिने तीनदा कळवलं, नंतर नाद सोडला. रोज सकाळी सात तुरुंगांच्या अहवालाखाली एक आठवी ओळ येते: एक व्यक्ती. स्थिती सामान्य.

*

"भुईनं लवकर उठवलं वाटते मॅडम तुमाले," फाटकावरचा हवालदार तायडे ओळखपत्र न पाहताच म्हणाला. "आमच्या बायकोले असं एखांदं यंत्र भेटलं त माही खैर नाई."

"विभक्त विभाग, तायडे. नऊ नंबर."

"नऊच?"

"नऊच," स्नेहल म्हणाली. घड्याळात पावणेदहा वाजले होते.

विभक्त विभागात एका रांगेत बारा कोठड्या. बाकीच्या बरॅकींपासून वेगळ्या ठेवायच्या कैद्यांसाठी. ओट्यावर दोन शिपाई होते. ती पहिल्या आठ दारांवरून चालत गेली तेव्हा आत उभी राहिलेली माणसं गजांतून पाहत होती. नववं दार उघडलं गेलं. दोन्ही शिपायांना तिने ओट्याच्या टोकाला पाठवलं आणि फरशीवर बसली.

प्रफुल डाबेराव तेहतीस वर्षांचा होता. जळालेल्या पाणमोटारींचं वाइंडिंग करणारा कारागीर, एका हाणामारीच्या खटल्यातला कच्चा कैदी. डोळे आत गेलेले, बोटं मात्र सारखी चालू, हवेत तांब्याची तार गुंडाळत असल्यासारखी.

"खुर्ची नाई," तो म्हणाला. "पन जागा लय हाय."

"तुम्हाला रात्री झोपू देत नाहीत."

"तुमाले कसं माहीत? अच्छा. भुई." त्याने तळहात फरशीवर ठेवला. "एक इचारू? आठ नंबरले जाऊन आल्या का तुमी?"

"नाही."

"सात?"

"नाही. का?"

"म्हंजे फाटकातून सरळ माह्याकडंच." तो हसला, पण हसण्यात जीव नव्हता. "पाच-सहा वर्षांमांगं मी इथं महिनाभर होतो. तवा एक म्हातारी बाई येत जाये. बारा नंबरपासून सुरू करे. हरेकापाशी दहा मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. एखांदा बोलला नाई तरी दहा मिनिटं गप बसून राहे. आमी हसत होतो का बाईले घरी काम नाई. तुमी कायले थांबल्या नाई तिकडं?"

हा नियम स्नेहलला पाठ होता, मंगलाताईंनीच शिकवलेला: शेवटपासून सुरू करायचं, सगळ्यांना सारखा वेळ. कोण बोललं हे ओट्यावरच्या शिपायाला कधीच कळता कामा नये. बोलणाऱ्याला लपायला जागा असते ती गप्प बसणाऱ्यांच्या दहा मिनिटांत. यंत्राने पत्ता दिला आणि ती सरळ पत्त्यावर आली होती. आठ कोठड्यांच्या साक्षीने.

"आता आल्याच हात त बोलूनच घेतो," प्रफुल म्हणाला. "वाटोळं त झालंच."

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. नऊ जानेवारीला संतोष इंगळे नावाचा कैदी न्हाणीघरात मेला. हौदाजवळ पाय घसरून पडला, असं कागदावर आहे. न्हाणीघराच्या फरशीखाली पाण्यामुळे तार टाकलेली नाही. प्रफुल तेव्हा न्हाणीघरातली मोटार दुरुस्त करायला मागच्या बाजूला बसला होता. इंगळे पडला नाही, त्याला पाडलं. दोघांनी धरलं, तिसऱ्याने मारलं. न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली आहे आणि प्रफुलचा जबाब अठ्ठावीस तारखेला आहे.

"मारत नाईत मले. मारलं त भुईले समजते. फक्त झोपू देत नाईत. मॅडम, मानूस झोपला नाई का त्याच्या डोक्यातली वाइंडिंग सुटते. कालचं परवात जाते, परवाचं सपनात जाते. इंगळ्याचा शर्ट हिरवा होता. खिशापाशी पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला. आज सांगून राहिलो, लिहून घ्या. अठ्ठावीसले तिथं साहेबानं रंग इचारला अन् मी निळा म्हटलं, त खेळ खलास. वकील म्हनन, ज्याले शर्ट आठवत नाई त्याले मारनारा कसा आठवला?"

तिने लिहून घेतलं. हिरवा, खिशापाशी पांढरा दोरा. बाहेर पडली तेव्हा घड्याळात चाळीस मिनिटं झाली होती, सगळी एकाच कोठडीत. उरलेल्या कोठड्यांत आता जाऊन काही उपयोग नव्हता. हे तिला कळत होतं आणि ओट्यावरच्या शिपायालाही.

अधीक्षक विक्रांत पाथ्रीकर हा आवाज न चढवणारा माणूस. त्याने चहा मागवला.

"रात्रीची तपासणी नियमातच आहे, मॅडम. जीव देण्याचा धोका असलेल्या कैद्याला दर अर्ध्या तासाला पाहायचं, त्याने प्रतिसाद द्यायला हवा. उद्या काही बरंवाईट झालं तर तुम्हीच लिहाल की पाहिलं नाही."

"पाहायला दार वाजवावं लागत नाही. गजातून दिसतं."

"लिहा तसं. आम्ही अमलात आणू. तुमचा शब्द कधी मोडलाय?"

तिने त्याच संध्याकाळी तसं लिहिलं. त्याने ते खरोखर अमलात आणलं. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी रात्री बूट नऊ नंबरसमोर आले, क्षणभर थांबले, गेले. दणका नाही. नऊ नंबरचं हृदय मध्यरात्रीनंतर संथ झालं आणि पहाटेपर्यंत संथ राहिलं. पडद्यावरची ती हिरवी रेष स्नेहलने सकाळी दोनदा पाहिली. कुणाला तरी दाखवावीशी वाटली. मग तिने पडदा बंद केला.

*

शनिवारी, सोळा तारखेला, विभक्त विभागातल्या बाराही कोठड्यांतून ठोके नाहीसे झाले.

तिने आधी तार तुटली का ते पाहिलं. तुटली नव्हती. पावलं उमटत होती, दारं उमटत होती. माणसं चालत होती, मग कोठडीच्या डाव्या भिंतीकडे जात होती आणि तिथे पुसली जात होती. रविवारी सकाळी कारागृहाचं पत्र आलं, फोटोंसह. बारा कोठड्यांत बारा नव्या लोखंडी खाटा. खाटेच्या चारही पायांना जाड रबरी टोप्या, फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून. पत्रासोबत मंडळाच्या चार जुन्या अहवालांची पानं होती. प्रत्येकातली एक ओळ पिवळ्या रंगाने अधोरेखित: 'कैद्यांना जमिनीवर झोपवणे अमानवी आहे, खाटा पुरवाव्यात.' चारही पानांच्या तळाशी सही स्नेहलची होती.

पाथ्रीकरने शेवटी लिहिलं होतं, 'आपली दीर्घकाळ प्रलंबित शिफारस पूर्ण करताना समाधान वाटते.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खाटा नकोत असं कोणत्या तोंडाने लिहायचं?

बूट मात्र उमटत होते. रात्री दर अर्ध्या तासाने ते येत. बाकीच्या दारांसमोर एक सेकंद, नवव्यासमोर पंधरा-सोळा. मग जात. त्या पंधरा सेकंदांत खाटेवर काय होत होतं ते तारेला कळत नव्हतं. भुईचा लाल ठिपका शरीराच्या नोंदींवरून पेटतो; बुटांनी थांबणं हा गुन्हा नाही. अहवालात ओळ यायची: विभक्त विभाग. स्थिती सामान्य. आणि तिच्याखाली नेहमीप्रमाणे आठवी ओळ.

रविवारी दुपारी तिने मंगलाताईंना फोन लावला. नंबर पाठ होता.

"कोण?"

"ताई, मी स्नेहल."

"कोणती स्नेहल? यंत्रवाली?"

"हो. यंत्रवाली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद केल्याचा आवाज आला. "बोल. माझ्या कानात यंत्र आहे हल्ली, तेव्हा मलाही यंत्रवाली म्हण. जरा जोरात बोल."

स्नेहलने सगळं सांगितलं: लाल ठिपका, नऊ नंबर, चाळीस मिनिटं, खाटा. मंगलाताईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"सरळ गेलीस?"

"सरळ गेले."

"बाकीच्यांनी पाहिलं?"

"पाहिलं."

"हं." पलीकडे कुकरचं झाकण उघडलं. "मी तुला रागावेन म्हणून फोन केलास की सल्ला देईन म्हणून?"

"दोन्ही चालेल."

"रागवायला तीन वर्षं उशीर झाला. फेरभेट बाकी आहे ना? मग काय करायचं ते तुला माहीत आहे. मला कशाला विचारतेस?"

"बारापासून सुरू करायचं. दहा मिनिटं. पण ताई, ते बोलले तरी परत आल्यावर मी आंधळीच. खाटेवरचं मला ऐकू येत नाही."

"हे त्यांना माहीत आहे का?"

"नाही. यंत्राची मर्यादा कैद्यांना सांगायची नाही, असा नियम आहे. सांगितलं तर सदस्यत्व जातं."

"कोणाचं सदस्यत्व? चार खुर्च्या तर आधीच रिकाम्या आहेत," मंगलाताई म्हणाल्या. मग आवाज जरा उतरला. "जेवलीस का?"

"जेवेन."

"म्हणजे नाही. ठेव."

*

गुरुवारी, एकवीस तारखेला सकाळी नऊ वाजता तिने बारा नंबरपासून सुरुवात केली. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. ओट्यावरचा शिपाई पाहत होता.

बारामधला म्हातारा चोरीच्या गुन्ह्यातला होता. त्याने गुडघेदुखीचं सांगितलं. अकरामधला तिच्याकडे पाठ करून बसला, दहाही मिनिटं. दहामधल्या पोरगेल्या चेहऱ्याच्या माणसाने विचारलं, "मॅडम, भायेर ऊन किती हाय हो?" आणि ती काल दुपारी बेचाळीस अंश होतं म्हणाल्यावर समाधानाने मान हलवली, बाहेर नसल्याने आपलं फार काही बुडत नाही म्हणून. प्रत्येक ठिकाणी आठव्या मिनिटाला तिने तेच एक वाक्य म्हटलं, त्याच आवाजात:

"एक गोष्ट सांगून ठेवते. खाटेवरचं मला ऐकू येत नाही. जमिनीवरचं येतं. बाकी तुमची मर्जी."

बाराने कानाला हात लावून पुन्हा विचारलं. अकरा तसाच पाठमोरा बसून राहिला. दहा म्हणाला, "खाट मस्त हाय पन. पहिल्यांदा भेटली जिंदगीत."

नऊ नंबरमध्ये चुन्याचा वास होता. एकच भिंत ताजी रंगवलेली. प्रफुल खाटेवर बसला होता, पाय वर घेऊन. चादर उशीकडच्या बाजूला ओली होती.

"काई तक्रार नाई," तो ओट्याकडे जाईल अशा आवाजात म्हणाला.

"चादर ओली आहे."

"पानी सांडलं." मग ओठ न हलवता, "दर अर्ध्या तासानं सांडते. गजातून. आवाज नाई होत पान्याचा."

ती लिहू लागली. त्याची बोटं आता हलत नव्हती.

"मॅडम, त्या भितीवर मी खिळ्यानं लिहून ठेवलं होतं. इसरू नये म्हनून. परवा चुना मारला त्याइनं." त्याने तिच्या वहीकडे पाहिलं. "मी तुमाले रंग सांगितला होता न? शर्टाचा?"

"हो."

"कोनता?"

वही तिच्या मांडीवर होती. नऊ दिवसांमागचं पान तीन पानं मागे. सांगितलं तर साक्षीदाराला पढवल्यासारखं होणार होतं. जबाब तिथेच कोसळला असता आणि कायद्याने ते बरोबरच झालं असतं. मंडळाची टिपणं पुराव्यात चालत नाहीत. कैदी मंडळाशी मोकळं बोलतात ते त्याच अटीवर. तो रंग जगात दोनच ठिकाणी उरला होता. एक त्याचं डोकं आणि दुसरी ती वही.

"ते मला सांगता येणार नाही, प्रफुल."

"बराबर हाय," तो म्हणाला. "झोपलो असतो त आठवलं असतं."

आठवं मिनिट झालं. तिने वाक्य म्हटलं. उरलेली दोन मिनिटं दोघंही खाटेच्या रबरी टोप्यांकडे पाहत बसली. मग ती उठली आणि आठ नंबरच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. एक नंबरमधून बाहेर पडली तेव्हा अकरा वाजून गेले होते, पाय बधिर झाले होते आणि कोण काय बोललं हे ओट्यावर कुणालाच सांगता आलं नसतं.

जाताना पाथ्रीकर फाटकापर्यंत आला. "या वेळी सगळ्यांना भेटलात. छान केलंत."

त्याच्या आवाजात उपरोध होता की नव्हता, हे तिला नव्वद किलोमीटरमध्ये ठरवता आलं नाही.

*

शुक्रवारच्या अहवालात काही नव्हतं. शनिवारी सकाळी तिने पाहिलं तेव्हा विभक्त विभागात एक हृदय उमटलेलं होतं. तिने आधी कोठडीचा नंबर पाहिला: एकच असेल आणि ते नऊ नंबरचं असेल तर तो पुन्हा उघड्यावर पडला. पण ते बारा नंबरचं होतं. दुखऱ्या गुडघ्यांचा म्हातारा खाट सोडून खाली येऊन झोपला होता.

रविवारी चार. त्यात अकराव्या कोठडीतला तो पाठमोरा माणूसही होता. सोमवारी नऊ जण. मंगळवारी सकाळी बाराही जण.

जिंदगीत पहिल्यांदा खाट मिळालेला दहा नंबरवाला सगळ्यांत शेवटी खाली आला. पहाटे तीनला त्याच्या पावलांची नोंद होती: खाटेजवळ बराच वेळ उभा, मग आडवा.

खाटेवरच झोपलं पाहिजे असा नियम तुरुंगाच्या कोणत्याही पुस्तकात नाही. तो कधी लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. मंगळवारी रात्री आणि बुधवारी रात्री बूट नवव्या दारापुढे थांबले नाहीत. नऊ नंबरचं हृदय पाच तास संथ होतं, मग साडेपाच तास.

बुधवारी कारागृहाचं तक्रारपत्र मंडळाच्या मुख्यालयात पोचलं. 'सदस्य श्रीमती वाकोडे यांनी यंत्रणेची तांत्रिक माहिती बंद्यांना दिल्याचे समजते.' मुख्यालयाने तिला खुलासा विचारला, मुदत सोमवारपर्यंत. खुलाशात लिहायला एकच वाक्य होतं आणि ते खरं होतं. तिने ते लिहून ठेवलं, पाठवलं नाही.

मग मंगलाताईंना फोन केला. "उद्या अकराला दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत जबाब आहे. मला तिथे जाता येत नाही. मी गेले तर साक्षीदार मंडळाने आणला म्हणतील. आणि इकडे पडद्यापाशी कुणी तरी हवं."

"मी निवृत्त बाई आहे. बाकावर बसायला मला कोण अडवतंय?" मंगलाताई म्हणाल्या. "डबा घेऊन जाते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी."

त्या संध्याकाळी स्नेहलने घरी गादी पलंगावरून काढून फरशीवर टाकली. सकाळच्या अहवालात आठवी ओळ तशीच होती. एक व्यक्ती. स्थिती सामान्य.

*

गुरुवार, २८ मार्च. विभक्त विभागाच्या नोंदी अशा आहेत.

पहाटे चार बावन्नला नऊ नंबरचं दार उघडलं. तीन जोड्या बूट आणि एक अनवाणी चाल, उजवं पाऊल जड. ती प्रफुल डाबेरावचीच असल्याची खात्री भुई सत्त्याण्णव टक्के देते. चाल सरळ होती. फरफट नव्हती, पडणं नव्हतं. चार एकोणसाठला चारही जण मुख्य फाटकापाशी पोचले. तार फाटकापाशी संपते.

सहा वाजता सकाळची गिनती झाली. अकरा कोठड्यांची दारं उघडली. अकरा माणसं जमिनीवरून उठली नाहीत.

आठ वाजता स्नेहलने कारागृहाला फोन केला. बंद्याला जबाबासाठी रवाना केलं आहे, असं उत्तर मिळालं. कचेरी चाळीस किलोमीटरवर आहे; अकराच्या जबाबासाठी पहाटे पाचला का निघावं लागलं, या प्रश्नावर पलीकडून सांगण्यात आलं की वाटेत वैद्यकीय तपासणी आहे. कुठल्या रुग्णालयात, ते सोबतच्या पथकाला माहीत. पथकाचा फोन लागत नव्हता.

साडेनऊला तिने दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीला, मुख्यालयाला आणि जिल्हा न्यायाधीशांना एकाच मजकुराचं पत्र पाठवलं. खुलासाही त्यासोबत पाठवून दिला. पोच तिन्ही ठिकाणांहून आली. उत्तर आलेलं नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मंगलाताईंचा फोन आला. "शिरस्तेदाराने नाव पुकारलं. एकदाच. मी म्हटलं, पुन्हा पुकारा, माणूस लांबून येतोय. पुकारलं त्याने. साहेब एकपर्यंत थांबणार आहेत."

"गाडी?"

"आवारात दोन आल्या. एकीतून फायली उतरल्या, एक रिकामी होती. तू फोन ठेवू नकोस. चालू राहू दे तसाच."

तिने ठेवला नाही. टेबलावर फोन उताणा पडून होता. त्यातून पंख्याचा, कुणाच्या तरी खोकल्याचा, दूरच्या दाराचा आवाज येत होता. पाच खुर्च्यांच्या त्या खोलीत तीन वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

सव्वाबारापर्यंतची माहिती एवढीच: प्रफुल डाबेराव कचेरीत पोचलेला नाही. सावळघाटच्या विभक्त विभागात गिनतीला सहा तास होऊन गेले तरी अकरा माणसं जमिनीवर पडून आहेत. जेवणाची ताटं दाराशी ठेवल्याची नोंद आहे, उचलल्याची नाही. अकराही हृदयं नेहमीपेक्षा जोरात चालली आहेत. कुणी हललेलं नाही, म्हणून भुईच्या ओळीत बदल नाही: अकरा व्यक्ती. स्थिती सामान्य.